जुनी जीटीओ घेताय? आधी हे वाचा

सर्वप्रथम चेहरा गंभीर ठेवायला शिका. १९६४ ची पॉन्टियॅक जीटीओ ही बहुतेक जाणकारांच्या मते पहिली खरी अमेरिकन मसल कार, तिच्यापुढे हात मागे बांधून उभं राहायचं, बॉनेट उघडलं की वाकायचं आणि हळूच विचारायचं, "मॅचिंग नंबर्स?" मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स, मूळ ॲक्सल अजून एकत्र नांदताहेत का, एवढाच प्रश्न. ही पत्रिका जुळली की किंमत उड्या मारते. उत्तर कळलं नाही तरी "हं" म्हणावं.

मग घराण्याचा इतिहास पाठ करा. १९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या ब्रँडना शर्यतींतून अंग काढून घ्यायला लावलं. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन नको, असाही दंडक होता. पॉन्टियॅकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यातली फट सापडली. दंडक मूळ मॉडेलला होता. जादा पैसे मोजून घ्यायच्या पर्यायांबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. झालं! टेम्पेस्ट ल मान्स या मधल्या आकाराच्या पॉन्टियॅकमध्ये ३८९ घनइंची व्ही-८ 'पर्याय' म्हणून बसलं, सुमारे २९५ डॉलर जादा घेऊन. नाव थेट फेरारीच्या २५० जीटीओवरून उचललं. विक्री विभागाने भीत भीत ५,००० गाड्यांना होकार दिला. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. त्यानंतर वरच्या साहेबांपैकी कुणी नियमावली उघडली नाही.

पुढच्या मडगार्डवरचा '६.५ लिटर' हा बिल्ला भक्तिभावाने पाहावा. हिशेब करू नये, कारण ३८९ घनइंचांचे ६.४ लिटरही पुरते भरत नाहीत. मार्च १९६४ च्या 'कार अँड ड्रायव्हर'ने हिची फेरारीशी झुंज लावली, तीही कागदावरच. दोन गाड्या समोरासमोर आल्याच नाहीत. चाचणीत पॉन्टियॅकने ४.६ सेकंदांत ताशी ६० मैल गाठले. बॉनेटखाली ३८९ नसून गुपचूप बसवलेलं ४२१ घनइंची इंजिन होतं, हे जाहिरातीची बाजू सांभाळणाऱ्या जिम वँगर्स यांनी पुढे कित्येक वर्षांनी कबूल केलं.

तर अशा या गाडीकडून आता तुम्ही काटेकोर सचोटीची अपेक्षा करायची आहे. हौशी मंडळींच्या प्रदर्शनात परीक्षक टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतात. कारखान्यात घाईने मारलेल्या रंगाचे ओघळ आणि तपासनिसाने फायरवॉलवर खडूने ओढलेली रेघ पुन्हा हुबेहूब काढणारे कारागीर आहेत. रंग मूळच्यापेक्षा चकचकीत झाला तर गुण कापले जातात. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या कामगाराचा हलगर्जीपणा आज तासाच्या दराने पैसे मोजून करून घ्यायचा. मला हे हास्यास्पद वाटतं, आणि ती खडूची रेघ पाहायला मी स्वतः वाकतोच.

खरेदी करताना बिल्ल्यांवर जाऊ नका. नवे बिल्ले टपालाने घरपोच येतात. १९६४ आणि १९६५ च्या गाड्यांच्या चासी क्रमांकावरून ती ल मान्स एवढंच कळतं, जीटीओ असल्याचा पत्ता लागत नाही. त्यामुळे साध्या ल मान्सचा 'क्लोन' करणं फार सोपं. उपाय एकच: कारखान्याची जुनी बिलं मायक्रोफिल्मवर जपलेली आहेत, पैसे भरून प्रत मागवा. विकणारा "कागद कशाला, गाडी बघा ना" म्हणाला, तर गाडीची तोंडभर स्तुती करा आणि घरी जा.

कागद खरे निघाले आणि इंजिनावर ट्राय-पॉवर असेल, तर मात्र गाडी तालमीतल्या पैलवानासारखी ठेवू नका, चालवा. ट्राय-पॉवरच्या तीन कार्ब्युरेटरपैकी एरवी मधला एकटाच राबतो. ॲक्सिलरेटर तळाला दाबला की कडेचे दोन्ही उघडतात, हवा आत खेचल्याचा मोठा घशातला आवाज येतो आणि ३४८ अश्वशक्ती तुमची पाठ सीटला चिकटवते. पेट्रोलचा काटा तेव्हा पाहू नये.

शेवटची सूचना थट्टेची नाही. या गाडीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक आहेत, डिस्क ब्रेकचा पर्याय १९६७ मध्ये आला. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा.