करसिंधु : सातासमुद्रापारच्या दांपत्यासाठी निर्णयग्रंथ

पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचला. एकादशी कुणी कोणत्या दिवशी धरावी, सुतकात काय चालते, श्राद्धाचा अधिकार कुणाला, सगळ्याचा निकाल त्यात आहे. नवरा न्यू जर्सीत आणि बायको कोथरूडला असताना अमेरिकेचे करविवरणपत्र कसे भरावे, एवढे मात्र राहून गेले. ती उणीव प्रस्तुत ग्रंथ भरून काढत आहे. बायको ह्यूस्टनला आणि नवरा नाशकात असेल तर शब्दांची अदलाबदल करून वाचावे. करशास्त्र याबाबतीत पूर्ण समदर्शी आहे.

अधिकारनिर्णय

या ग्रंथाचा अधिकारी तोच, ज्याला अमेरिका निदान करापुरता आपला मानते. म्हणजे नागरिक, ग्रीन कार्डवाला, किंवा दिवस मोजून ‘रेसिडेंट’ ठरलेला. मोजणी अशी : चालू वर्षी किमान ३१ दिवस मुक्काम हवा. मग चालू वर्षाचे सगळे दिवस, त्यात गेल्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचा एक षष्ठांश मिळवावा. बेरीज १८३ भरली की अधिकार प्राप्त झाला.

एफ-वन व्हिसावरच्या विद्यार्थ्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस या बेरजेत धरत नाहीत. त्याने १०४०-एनआर हा वेगळा फॉर्म भरावा आणि लग्नाची घाई करू नये. यातला उत्तरार्ध करशास्त्रातला नाही, घरच्या वडीलधाऱ्यांचा आहे.

तिथिनिर्णय

तुम्ही विवाहित की अविवाहित, हे करशास्त्र फक्त ३१ डिसेंबरला पाहते. त्या दिवशी विवाहित असाल तर अख्खे वर्ष विवाहित. २८ डिसेंबरला सांगलीच्या मंगल कार्यालयात अक्षता पडल्या, तरी जानेवारीपासून तुम्ही संसारी होता असेच धरले जाते. मधल्या बारा महिन्यांत तुम्ही किती मुली पाहिल्या, हे कुणी विचारत नाही.

लग्न भारतात झाले म्हणून ते अमेरिकेत लपत नाही. जिथे झाले तिथे कायदेशीर असेल, तर करखात्यालाही मान्य. तेव्हा मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींना एकच विनंती करावी : दोन मुहूर्त सारखेच शुभ असतील, तर डिसेंबरातला द्यावा की जानेवारीतला, हे सांगण्याआधी मुलाच्या सीपीएशी, म्हणजे करसल्लागाराशी, बोलून घ्यावे.

मार्गनिर्णय

करविवरणपत्राच्या, म्हणजे फॉर्म १०४० च्या, माथ्यावर चौकटी असतात. नवविवाहिताचा हात सवयीने पहिल्या चौकटीकडे जातो : ‘सिंगल’. हा मार्ग निषिद्ध. बायको अजून आली नाही, स्वयंपाक स्वतःच करतो, शनिवारी कपडेही स्वतःच धुतो, म्हणून मी सिंगल, हा युक्तिवाद भावनिकदृष्ट्या बिनतोड असला तरी करखाते मानत नाही. सासूबाईही मानणार नाहीत.

दुसरा मोह ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’चा. जोडीदार परदेशी आणि अनिवासी असेल, तर या चौकटीपुरते तुम्हाला अविवाहित धरतात, हे खरे. पण त्यासाठी पदरी मूल किंवा दुसरा पात्र आश्रित असावा लागतो आणि जोडीदार स्वतः त्यात मोडत नाही. “साताऱ्याच्या आईचा सगळा खर्च मीच करतो,” असे पुष्कळ जण सांगतात. आश्रित हा अमेरिकेचा नागरिक वा रहिवासी, नाहीतर कॅनडा किंवा मेक्सिकोचा रहिवासी असावा, असा नियम आहे. आई साताऱ्यात राहते, मेक्सिकोतल्या तिहुआनात नाही. तेव्हा तोही मार्ग खुंटला.

उरले दोन मार्ग.

पहिला ‘मॅरीड फायलिंग सेपरेटली’. लग्न झाले आहे, पण हिशेब वेगळा. जोडीदाराला नंबर नसेल तर ‘एनआरए’ (नॉन-रेसिडेंट एलियन) ही तीन अक्षरे लिहावीत. तिच्या पगाराशी, ठेवींशी अमेरिकेला काही देणेघेणे उरत नाही. मार्ग सोपा, निवांत आणि महाग.

दुसरा मार्ग एकत्र रिटर्नचा. त्यासाठी पहिल्या वर्षीच्या रिटर्नला एक निवेदन जोडायचे : वर्षाच्या अखेरच्या दिवशी आमच्यापैकी एक जण अमेरिकेचा नागरिक वा रहिवासी होता, दुसरा नव्हता, आणि करापुरते आम्हा दोघांनाही वर्षभर रहिवासी मानावे ही आमची इच्छा. खाली दोघांची नावे, पत्ते, नंबर, सह्या. झाले. व्हिसासाठी जी बायको बोटांचे ठसे देते, फोटो देते, मुलाखतीत ‘तुमची ओळख कशी झाली’ याचे उत्तर पाठ करून जाते आणि तरीही रांगेतच राहते, ती करखात्याच्या लेखी एका सहीत अमेरिकावासी होते. खजिना वेगळ्या खात्याकडे आणि दरवाजा वेगळ्या खात्याकडे असला की असे होते.

आता हिशेब. नवऱ्याचा पगार वर्षाला १,००,००० डॉलर, बायकोला उत्पन्न नाही, साल २०२५. वेगळे भरले तर स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० डॉलर आणि केंद्राचा कर सुमारे १३,४५०. एकत्र भरले तर डिडक्शन ३१,५०० आणि कर सुमारे ७,७५०. फरक ५,७०० डॉलरचा. इतक्या पैशांत मुंबईचे जाऊन-येऊन तिकीट निघते आणि सासरच्या सगळ्यांसाठी चॉकलेटेही येतात.

पण तीन अटी ध्यानात ठेवाव्यात. एक, दोघांचेही जगभरातले उत्पन्न दाखवावे लागते. दोन, एकत्र रिटर्नवर सही केली की सगळ्या कराची जबाबदारी दोघांवर पूर्णपणे येते आणि ती घटस्फोटानेही आपोआप सुटत नाही. तीन, ही निवड पुढच्या वर्षांनाही लागू राहते; एकदा मोडली की दोघांपैकी कुणालाही ती पुन्हा करता येत नाही. लग्न निदान पुन्हा करता येते.

नामनिर्णय

एकत्र रिटर्नसाठी जोडीदाराला नंबर लागतो. सोशल सिक्युरिटी नंबर तिला मिळत नाही, म्हणून ‘आयटिन’. नऊ आकडी, सुरुवात ९ ने. तो मागण्याचा फॉर्म डब्ल्यू-७. हा फॉर्म कागदी रिटर्नला जोडून टेक्सासातल्या ऑस्टिनला टपालाने पाठवावा लागतो. ज्या देशाने जगाला ईमेल दिला, तिथला पहिला नंबर पाकिटातून मिळतो.

सोबत मूळ पासपोर्ट, किंवा पासपोर्ट देणाऱ्या कार्यालयानेच प्रमाणित केलेली प्रत. तहसील कचेरीबाहेरच्या नोटरीचा लाल शिक्का कितीही ठसठशीत उमटला, तरी इथे त्याची मात्रा चालत नाही. नंबर यायला सात आठवडे, आणि जानेवारी ते एप्रिलच्या गर्दीत किंवा परदेशातून अर्ज केला असेल तर नऊ ते अकरा. बायकोला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख नेमकी याच काळात मिळते. पासपोर्ट ऑस्टिनला आणि बायको बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत, असा प्रसंग ओढवू द्यायचा नसेल तर ‘सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट’ गाठावा. तो पासपोर्ट पाहून, दाखला देऊन, तिथल्या तिथे परत करतो. त्याची फी मुकाट्याने द्यावी.

नावाबाबत एकच नियम : पासपोर्टवर जे आहे तेच डब्ल्यू-७ वर आणि तेच रिटर्नवर. माहेरचे आडनाव असेल तर माहेरचे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने कोणते नाव लिहिले, हे करखात्याला कळवू नये. तिथे तो पुरावा धरत नाहीत.

संपत्तिनिर्णय

हा प्रस्तुत ग्रंथाचा सर्वांत नाजूक अध्याय आहे. अशक्त हृदयाच्या सासऱ्यांनी तो वगळावा.

एकत्र रिटर्न भरणाऱ्या आणि अमेरिकेत राहणाऱ्या दांपत्याची परदेशातली आर्थिक मालमत्ता वर्षाच्या शेवटच्या दिवशी १,००,००० डॉलरच्या वर, किंवा वर्षात कधीही १,५०,००० च्या वर गेली, तर फॉर्म ८९३८ भरावा लागतो. त्यात बायकोचीही खाती, ठेवी, म्युच्युअल फंड, एलआयसीचे सरेंडर मूल्य सारे येते, आणि प्रत्येकाची वर्षातली सर्वाधिक रक्कम लिहावी लागते. साहजिकच लग्नानंतरच्या पहिल्या फेब्रुवारीत जावई फोन करतो.

“बाबा, हिच्या नावावर एफडी किती आहेत?”

पलीकडे शांतता. मग खाकरल्याचा आवाज. “जावईबापू, बोलणीत हा विषय निघाला नव्हता.”

“तसं नाही बाबा. मला पैसे नकोत, फक्त आकडा हवाय.”

“पूर्वीच्या लोकांनाही सुरुवातीला आकडाच हवा असायचा.”

“बरं, वर्षात सगळ्यात जास्त शिल्लक कोणत्या दिवशी होती, तेवढं तरी सांगा.”

“लग्नाच्या आदल्या दिवशी.”

हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे आणि त्यात फॉर्म ८९३८ चा अपवाद केलेला नाही. म्हणून शास्त्रमत असे, की ही माहिती बायकोने स्वतः काढावी आणि जावयाने त्या काळात सासरी फक्त हवापाण्याचेच बोलावे.

दिलासाही आहे. बायकोच्या लॉकरमधल्या पाटल्या, तोडे, मंगळसूत्र या फॉर्मात दाखवावे लागत नाहीत. स्वतःजवळचे दागिने त्यात धरत नाहीत. थेट नावावरचा फ्लॅटही नाही, मात्र त्याचे भाडे उत्पन्नात येते.

दुसरा फॉर्म ‘एफबार’. तुमच्या परदेशी खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की तो भरायचा. तो करखात्याकडे जात नाही, ‘फिनसेन’ नावाच्या वेगळ्या कार्यालयाकडे जातो. गंमत अशी, की केवळ एकत्र रिटर्नसाठी रहिवासी झालेल्या बायकोला स्वतःच्या खात्यांसाठी एफबार लागू होत नाही. पण आईने ‘असू दे बाई, अडीअडचणीला’ म्हणून ज्या खात्याला तुमचे नाव जोडून ठेवले आहे आणि ज्याचे पासबुक तुम्ही आयुष्यात पाहिलेले नाही, ते तुम्हाला धरावेच लागते. तेही पूर्ण रकमेनिशी.

आता भारतातले पुण्य अमेरिकेत कसे क्षीण होते ते पाहू. पीपीएफचे व्याज भारतात करमुक्त. अमेरिकेत ते सर्वसाधारणपणे दरवर्षी करपात्र धरले जाते. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने ‘पीफिक’ या संशयित वर्गात मोडतात. दोघांचे मिळून ५०,००० डॉलरपर्यंत असतील तर बहुधा सूट मिळते. त्यावर गेले की प्रत्येक फंडासाठी वेगळा फॉर्म ८६२१. सात एसआयपी, सात फॉर्म. हौसेने पोर्टफोलिओ पसरवणाऱ्या बायकोला हे हळुवारपणे सांगावे.

बायको हिंजवडीला नोकरी करत असेल तर तिचा पगारही रिटर्नमध्ये येतो. घाबरू नये. सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर राहिली असेल, तर फॉर्म २५५५ ने २०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंतचा पगार वगळता येतो. नाहीतर भारतात भरलेल्या कराचे श्रेय फॉर्म ११६६ ने नव्हे, १११६ ने घ्यावे. फॉर्मांचे आकडे मुद्दाम एकमेकांसारखे ठेवलेले असतात. अडचण एवढीच, की अमेरिकेचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर, भारताचे एप्रिल ते मार्च. तिची कंपनी फॉर्म १६ देते जूनच्या मध्याला आणि अमेरिकेची मुदत संपते १५ एप्रिलला. म्हणून बारा महिन्यांच्या पगारपावत्या गोळा करून बेरीज स्वतः करावी. नवरा-बायकोंनी रात्री साडेनऊला, म्हणजे तिच्या सकाळी, व्हिडिओ कॉलवर पगारपावत्या वाचणे, हा या विवाहसंस्थेतला मधुचंद्राचा मान्यताप्राप्त प्रकार आहे.

प्रायश्चित्तनिर्णय

मुदत हुकत असेल तर फॉर्म ४८६८ ने १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवून घ्यावी. वाढते ती रिटर्नची मुदत, कराची नव्हे. पैसे एप्रिलातच द्यावे लागतात.

नंबर, पासपोर्ट, सह्या काहीच जमत नसेल, तर वेळेत वेगळे रिटर्न भरून मोकळे व्हावे. पुढे तीन वर्षांच्या आत १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून ते एकत्र करता येते आणि जास्तीचा कर परत मिळतो. उलट दिशेने वाट नाही : एकत्र भरलेले रिटर्न मुदतीनंतर वेगळे करता येत नाही. नकळत ‘सिंगल’वर खूण केली असेल, तर त्यालाही १०४०-एक्स हेच प्रायश्चित्त. ते आपण होऊन घ्यावे. खात्याने सांगितल्यावर घेतले तर दक्षिणा वाढते.

फलश्रुती

वेगळे की एकत्र, हा प्रश्न प्रेमाचा नाही, बेरजेचा आहे. जोडीदाराचे उत्पन्न आणि ठेवी थोड्या असतील तर एकत्र भरणे बहुतेकदा फायद्याचे. तिच्याकडे भरपूर फंड, भाडे, व्याज असेल, तर वाचलेला कर सीपीएच्या फीत जाईल. तिथे वेगळे भरणे शहाणपणाचे. दोन्ही प्रकारे हिशेब मांडून पाहावा आणि सही करण्याआधी जोडीदाराला तो वाचून दाखवावा, कारण जबाबदारी तिचीही आहे.

आणि करखात्याने तिला रहिवासी मानले, एवढ्यावर विमानाचे तिकीट काढू नये. ती सही कर घेण्यासाठी असते. घरात घेण्यासाठी व्हिसाच लागतो.