मेहुण्याच्या डोक्यावरचं यान

आमच्या मेहुण्याला स्थळांकडे पाठवायला एक बरा फोटो हवा होता. स्टुडिओतल्या फोटोवर नकारच येतात असा त्याचा अनुभव, म्हणून त्याला सिंहगडावर नेलं. नवा निळा शर्ट, उसना गॉगल, हातात दह्याचं मडकं, मागे दूरदर्शनचा मनोरा. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि मेहुण्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. कारण त्याच्या डोक्याशेजारी, ढगांत, एक काळपट चपटी बशी तरंगत होती.

मामेसासरे लष्करातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "ड्रोन. चिनी." यावर मी माझं ज्ञान पाजळलं. लडाखमध्ये 2012-13 साली जवानांनी कित्येक महिने आकाशातल्या संशयास्पद दिव्यांच्या नोंदी केल्या होत्या. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ते गुरू आणि शुक्र असल्याचं ओळखलं. मामेसासरे गप्प झाले, पण आत्याबाई उजळल्या. "गुरू आणि शुक्र दोन्ही? अगं बाई, मग यंदा लग्न नक्की!"

फोटो भर दुपारचा आहे, हे सांगायचं धाडस कुणी केलं नाही.

सासरेबुवांनी वस्तूची लांबी तीस फूट ठरवली. आता फोटोत लांबी कळत नाही, कळतो तो फक्त कोन. एक सेंटिमीटरची वस्तू एक मीटरवर असली तर साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढी दिसते. दहा मीटरची वस्तू एक किलोमीटरवर असली तरी तेवढीच. अंतर माहीत नसेल तर चिलट आणि विमान यांत फरक काय? पण सासरेबुवा अंतर मनानेच ठरवतात. रिक्षावाल्याशीसुद्धा त्यांचा वाद त्यावरूनच होतो.

लेन्समध्ये उजेड परावर्तित होऊन ठिपके उमटतात, तसा हा असेल असंही एकाने सुचवलं. पण तसा ठिपका उजळ असतो, आणि बहुधा फोटोच्या मध्याच्या पलीकडे, सूर्याच्या बरोबर समोरासमोर पडतो. इथे सूर्य माझ्या पाठीमागे होता आणि ठिपका काळा. तेवढ्यात इंजिनियर चुलतमेहुण्याने चित्र ताणून ताणून मोठं केलं आणि ओरडला, "खिडक्या! ओळीने खिडक्या आहेत!" जेपेग फोटो साठवताना त्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. फार ताणलं की ते उघडे पडतात. त्या हिशेबाने मेहुण्याच्या नाकालाही खिडक्या होत्या, पण नाक बघतंय कोण?

दरम्यान फोटो एका स्थळाकडे पोचला होता. मुलीचा निरोप आला : व्हॉट्सअ‍ॅपवरचा दाबलेला फोटो नको, मूळ फाइल पाठवा, शटरचा वेग बघायचा आहे, आणि लगोलग काढलेले बाकीचे फोटोही द्या. आणखी फोटो मागणारी ही पहिलीच मुलगी, त्यामुळे मेहुणा हवेत. त्याने सगळे पाठवून दिले, स्वतः न बघता.

पुढच्याच फोटोत यान त्याच्या गॉगलवर उतरलेलं होतं. पंख मिटून, दह्याकडे तोंड करून.

मुलगी भेटायला तयार आहे. मामेसासरे मात्र अजून ठाम आहेत : चिनी लोक हल्ली ड्रोन फार बारीक बनवतात.