उद्याची मागणी

दिवसाचे २४ तास म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे. यातल्या प्रत्येक तुकड्यात उद्या किती वीज लागेल, हे महाराष्ट्रात आदल्या दिवशीच ठरवतात. अंदाज हुकला की विचलनाचा भुर्दंड. म्हणून तापमान, पाऊस, सणवार सगळं हिशेबात धरतात.

बुलढाणा जिल्ह्यात चिखलीकडच्या शिवारात हे गणित फार सोपं आहे. कृषी फिडरवर वीज असते तेव्हा मागणी असते. नसते तेव्हा शून्य. इतका शहाणा ग्राहक कुठे मिळणार? हरभरा पाण्यावाचून माना टाकतो, पण ती तहान कुठल्या आलेखात उमटत नाही. मीटर म्हणाल, तर कित्येक पंपांचं बिल अश्वशक्तीवर निघतं. वापर अंदाजानेच धरायचा. म्हणजे अंदाजावरून अंदाज.

त्यात ऑटोस्विच. पाळी रात्रीची, थंडी कडाक्याची; स्टार्टर दाबायला कोण उठणार? वीज आली रे आली की सगळे पंप एकदम सुरू होतात आणि डीपी कण्हायला लागते. कधी जळतेच. मग दुसरी येईपर्यंत त्या शिवाराची मागणी शून्य. कागदावर तुटवडाही नाही!

आता सौर फिडरवर दिवसा वीज मिळणार. चांगलंच आहे. फक्त ढगांचा अंदाज आला पाहिजे. त्याची सोय जिल्ह्यातच आहे: जळगाव जामोद तालुक्यातली भेंडवळची घटमांडणी. अक्षय्य तृतीयेला घट मांडायचा, दुसऱ्या दिवशी पहाटे अख्ख्या वर्षाचं भाकीत तयार. ९६ तुकडे नाहीत, आणि हुकलं तरी भुर्दंड नाही.