चऱ्हाटबहाद्दर

चारचाकी मुद्दाम चिखलात घालण्याचा छंद असलेल्या कुठल्याही पुणेरी टोळक्यात हा गृहस्थ सापडतोच. वय पंचेचाळिशीचं, नोकरी संगणकाची, कमरेच्या पट्ट्याला एक शॅकल अडकवलेलं. ते ऑफिसातही तिथंच असतं. त्याच्या थारपेक्षा तिच्या नाकावरचा विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोरानं ओढून काढणारा रहाट, आधी नजरेत भरतो. मायलेज विचारलंत तर एका वाक्यात सुटाल. ‘विंचला दोर कुठला घालू?’ एवढं विचारलंत, तर मात्र घरी फोन करून जेवायला थांबू नका म्हणून सांगा.

पूर्वाश्रमी हा कट्टर वायररोपवाला होता. सिंथेटिक दोराचा उल्लेख तो ‘नाडी’ असाच करायचा. ‘लेंग्यात घाला की, गाडीला कशाला?’ मोडलेल्या तारेची कुसळं कातडी मोज्यातूनही तळहातात कशी घुसतात, हे तो तळहात उघडून कौतुकानं दाखवायचा. मग एका पावसाळ्यात तो रेनफॉरेस्ट चॅलेंज बघायला गोव्याला गेला. मूळची मलेशियाची ही स्पर्धा २०१४ साली गोव्यात आली. ती भर पावसातच भरते आणि विंचशिवाय तिथं पान हलत नाही. तिथल्या मुरलेल्या गड्यांच्या विंचवर त्यानं नाडीच पाहिली आणि परतला तो धर्मांतर करूनच. सुंभ बदलला, पीळ तोच राहिला.

आता प्रवचनं उलट्या बाजूनं चालतात. तीस मीटर वायररोप दहा-बारा किलो भरतो, त्याच जाडीचा सिंथेटिक दोर जेमतेम दोन किलो. पाण्यावर तरंगतो. तारेचा दोर ताणाखाली तुटला तर माणसाचा पाय घेऊन जाईल, म्हणून त्यावर जाड कांबळं टाकतात. हा हलका, त्यामुळे तुटला तरी तेवढा उसळत नाही. (कांबळं यावरही टाकायचं असतं, पण ते वाक्य प्रवचनात गळतं.) ‘डायनीमा’ हे नाव तो जोडे काढूनच घेतो. हॉलंडच्या डीएसएम कंपनीनं काढलेला हा धागा वजनाला वजन लावलं तर पोलादाला मागं टाकतो, हे खरंच आहे. पण तो पॉलिथिलीनचाच, म्हणजे दुधाच्या पिशवीच्या भावकीतला, एवढं कुणी बोललं की साहेबांचा चेहरा पडतो.

खरा तमाशा नवा दोर आल्यावर झाला. विंचचा दोर ज्यांवरून सरकतो त्या जुन्या रोलरांवर तारेनं चरे पाडलेले, ते या दोराला कापतील. म्हणून रोलर काढून गुळगुळीत ॲल्युमिनियमची फेअरलीड बसवली. मग दोर ड्रमवर ताण देऊन गुंडाळायचा होता, कारण सैल गुंडाळला तर जोर पडताच वरचा वेढा खालच्यांत रुतून बसतो. सोसायटीचा उतार होताच. खालच्या टोकाला न्यूट्रलमध्ये थार, वर पार्किंगच्या खांबाला पट्टा, ब्रेकवर आठवीतली मुलगी.

‘बाबा, दाबू?’

‘हलकासा! अगं, हलकासा म्हणजे हलकासा!’

सेक्रेटरी बर्म्युड्यातच खाली आले. ‘साहेब, त्या खांबावर वरचे सहा मजले आहेत.’

यानं त्यांना पट्ट्याची रुंदी समजावून सांगितली.

आणि धुणं! धाग्यात शिरलेली रेती दोराला आतून कातरते, म्हणून प्रत्येक सहलीनंतर तीस मीटर दोर बादलीत सौम्य साबणात भिजतो. उन्हानं धागा मरतो, तेव्हा गच्चीत वाळत घालायची सोय नाही. तो दिवाणखान्यात, बाल्कनीच्या ग्रिलपासून शोकेसपर्यंत येरझारा घालत वाळतो आणि वहिनी दोन दिवस वाकून वावरतात. ‘आधीच्याला निदान पाणी तरी लागत नव्हतं,’ एवढंच त्या म्हणतात.

परिणाम असा की माणूस कंजूष झाला. पूर्वी कुणाचं चाक नुसतं घसरलं तरी याचा हूक हातात तयार असायचा. परवा मुळशीकडं एकाची जिप्सी पोटावर बसली, तर हा लांबूनच, ‘चाकांतली हवा कमी कर. दगड घाल. रिव्हर्स मार, रिव्हर्स!’ सगळं करून झाल्यावर नाइलाजानं दोर सुटला. वाटेत खडकाची धार आडवी आली. यानं अंगातला रेनकोट काढून धारेवर पांघरला आणि स्वतः भिजत उभा राहिला. मध्येच ड्रमला हात लावून ताप बघितला, कारण दीडशे अंशांच्या आसपास हा दोर वितळतो, आणि ब्रेक ड्रमच्या पोटात असलेल्या विंचवर भार उलटा सोडत बसलं की ड्रम चांगलाच तापतो.

जिप्सी निघाली, टाळ्या पडल्या. याचं तिकडं लक्षच नव्हतं. तो बोटांनी दोर चाचपत होता. एका जागी लव उठली होती. तेवढं कापून तिथल्या तिथं पुन्हा गुंफता येतं, तारेच्या दोराला ही सोय नाही, हे त्यानं हजर असलेल्या सगळ्यांना करून दाखवलं. पाऊस सुरूच होता.

जिप्सीवाला पोरगा भारावला. ‘दादा, मीपण विंच बसवतोय. दोर कुठला घेऊ?’

यानं त्याला आणि त्याच्या गाडीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘गाडी कधी धुतोस?’

‘दिवाळीला.’

‘मग वायररोप घे.’