स्वस्त रोलचा उपासक

मराठी मध्यमवर्गातील ज्या छंदिष्टांकडे अभ्यासकांचे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही, त्यांत कृष्णधवल फिल्मवर छायाचित्रे काढणारा आणि ती फिल्म स्वस्तात मिळावी म्हणून वाटेल तेवढा खर्च करायला तयार असणारा काटकसरी उपासक अग्रभागी ठेवावा लागतो. तो मुख्यतः पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांत आढळतो. वय तिशीच्या पुढचे, नोकरी बहुधा संगणकासमोरची, गळ्यात वडिलांच्या किंवा मामाच्या कपाटातून निघालेला यांत्रिक कॅमेरा आणि हातात हिशेबाची वही, अशी त्याची बाह्य लक्षणे सांगता येतात. मोबाइलवर शेकडो छायाचित्रे फुकट निघतात हे त्याला ठाऊक असते. परंतु जे मुळातच फुकट आहे त्यात काटकसर करायला वाव उरत नाही, हीच त्याची मोबाइलविषयीची खरी तक्रार असते.

त्याच्या शास्त्राचे मूलभूत परिमाण म्हणजे ‘चौकटीमागचा दर’. कोडॅकने १९३४ साली बाजारात आणलेल्या नळकांड्यात पस्तीस मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना भोके असलेली फिल्मची पट्टी गुंडाळलेली असते आणि पूर्ण लांबीच्या रोलवर छत्तीस चौकटी, म्हणजे छत्तीस छायाचित्रे, मावतात. रोलची किंमत, रसायनांचा खर्च आणि कुरिअरचे पैसे यांची बेरीज करून तिला छत्तिसाने भागले की हा दर निघतो. भाजक वाढला की दर उतरतो हे गणित कळल्यामुळे उपासक रोलचे तोंड अंधारात कॅमेऱ्यात अडकवून अडतीस चौकटी काढू पाहतो, आणि अडतिसावी चौकट साधल्यावर त्याला होणारा आनंद त्या चौकटीत काय टिपले यावर मुळीच अवलंबून नसतो. पुढे त्याला अर्धचौकटी कॅमेऱ्याचा, म्हणजे एका चौकटीच्या जागेत दोन छायाचित्रे बसवणाऱ्या यंत्राचा, शोध लागतो. मग १९५९ साली निघालेल्या ऑलिंपस पेनच्या मालिकेतला एखादा जुना कॅमेरा तो विकत घेतो आणि त्या किमतीत किती रोल आले असते, हा एकच भागाकार वहीत करायचे टाळतो.

फिल्म महाग का, याचे उत्तर त्याला मुखोद्गत असते. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा लेप आणि त्या लेपात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक, अशी तिची रचना असल्यामुळे चांदी लागते, अंधारात चालणारा कारखाना लागतो, आणि असे कारखाने जगात मोजकेच उरले आहेत. भारतात १९६० साली उटी येथे हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि त्याची ‘इंदू’ फिल्म गावोगावच्या स्टुडिओंत वापरली गेली; तो बंद पडल्यापासून येथे येणारा रोल समुद्र ओलांडून आणि आयात शुल्क भरूनच येतो. मुंबईच्या बोरा बाजारात एखाद्या दुकानदाराच्या खणात इंदूचे जुने खोके सापडले, तर मुदत केव्हाच उलटून गेलेली असूनही उपासक ते घेतो. जुन्या फिल्मची संवेदनशीलता घटते आणि तिच्यावर धुके, म्हणजे सर्वत्र पसरलेला करडा थर, चढते. त्या करडेपणाला तो ‘वातावरणनिर्मिती’ म्हणतो.

ताज्या फिल्मच्या बाबतीत त्याची मते पंथीय असतात. कोडॅकची ट्राय-एक्स आणि इलफर्डची एचपी-५ प्लस वापरणाऱ्यांना तो श्रीमंतांचे चोचले करणारे समजतो आणि स्वतः फोमापॅन व केंटमिअर या दोन स्वस्त कुळांचा अभिमान बाळगतो. पैकी फोमापॅन चेक प्रजासत्ताकातील ह्रादेत्स क्रालोवे येथे, १९२१ पासून चालत आलेल्या फोमा कंपनीत बनते. केंटमिअर ही इंग्लंडमधील मोबर्ली येथे, ज्या हारमन कंपनीत इलफर्डची फिल्म तयार होते तिथेच तयार होते, आणि ही माहिती उपासक दबक्या आवाजात, मोठ्या घराण्याची धाकटी पाती ओळखीत निघाल्याच्या थाटात सांगतो. दोन्ही फिल्म एकाच छताखाली बनत असल्या तरी त्यांचे लेप वेगळे आहेत, असे कोणी म्हटलेच, तर तो विषय बदलतो.

खोक्यावरचा आकडा म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता. १०० पेक्षा ४०० ची फिल्म चौपट संवेदनशील असते, त्यामुळे लख्ख उन्हात पहिली आणि पावसाळी संध्याकाळी दुसरी उपयोगी पडते. फोमापॅन ४०० ही प्रत्यक्षात २०० ते २५० च्या आसपासचीच आहे, असे अनेक वापरणारे मानतात. उपासकही तसे मानतो, परंतु उरलेली संवेदनशीलता दुकानदाराने किमतीतच वळती केली आहे, असे स्वतःचे समाधान करून घेतो. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळेसमोर तिपाई रोवून तो फोमापॅन १०० वापरतो, तेव्हा प्रकाशमापकाने दहा सेकंद सांगितले तरी त्याला ऐंशी सेकंद थांबावे लागते, कारण मंद प्रकाशात फिल्मचा प्रतिसाद घटत जातो आणि कंपनीच्या स्वतःच्या तक्त्यातच आठपट वेळ दिलेला आहे. तेवढ्या वेळात निम्म्या पणत्या वाऱ्याने विझतात.

काटकसरीची पुढची पायरी म्हणजे शंभर फुटी, सुमारे साडेतीस मीटरची, मोठी गुंडाळी आणून तिचे घरी छोटे रोल भरणे. अशा गुंडाळीतून छत्तीस चौकटींचे सुमारे अठरा रोल निघतात आणि चौकटीमागचा दर खरोखरच उतरतो. मात्र भरणीयंत्रात फिल्मचे शेवटचे टोक उजेडात चिकटवावे लागत असल्यामुळे प्रत्येक रोलची शेवटची एखाददुसरी चौकट काळी पडते, आणि दिवसातले सर्वांत चांगले दृश्य नेमके तिथेच येते, असा या पंथाचा सार्वत्रिक अनुभव आहे.

रोल धुणे, म्हणजे डेव्हलपरने प्रतिमा उमटवून हायपोने ती कायम करणे, हा विधी रात्री अकरानंतर घरातील एकमेव न्हाणीघरात, दाराच्या फटीला टॉवेल लावून पार पडतो. द्रवाचे प्रमाणित तापमान वीस अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतील पाण्याला हा नियम माहीत नसल्याने पाहुण्यांसाठी जमवलेला बर्फ त्या पाण्यात जातो. १८९१ पासून प्रसिद्ध असलेले रॉडिनल हे डेव्हलपर एका भागाला शंभर भाग पाणी घालून वापरता येते, हे कळल्यापासून उपासकाने एका बाटलीत निवृत्तीपर्यंतची सोय केलेली असते. तरीही तो एकदा कॅफेनॉल करून पाहतोच. इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा यांचे हे मिश्रण १९९५ साली अमेरिकेतील रॉचेस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेतून पुढे आले; क जीवनसत्त्वाची भर त्यात नंतर पडली. लिटरभर द्रवाला चाळीस ग्रॅमच्या आसपास कॉफी लागत असल्याने ते रॉडिनलपेक्षा महाग पडते, आणि घरातील मंडळींना सकाळी चहावर भागवावे लागते.

या सर्व उद्योगाचे फलित मात्र वहीत सापडत नाही. स्वस्त फिल्म वाईट नसते. चांगल्या प्रकाशात, नेमक्या मापाने वापरलेली केंटमिअर आणि दुप्पट दराची फिल्म यांतला फरक भिंतीवर लावलेल्या छायाचित्रात ओळखणे जाणकारालाही अवघड जाते. उपासकाचे नुकसान होते ते दर महिन्याला नवी फिल्म आणि नवे द्रव आजमावण्यात, कारण त्यामुळे कोणत्याच फिल्मचा स्वभाव त्याच्या हाती लागत नाही, आणि सवलतीत साठवलेले रोल फ्रीजमध्ये लोण्याच्या कप्प्यात पडून राहतात. थंडीमुळे फिल्म दीर्घकाळ टिकते, एवढेच त्यातले शास्त्र. म्हणून ज्या वाचकाला हा छंद जडला असेल, त्याने फोमापॅन १०० किंवा केंटमिअर ४०० यांपैकी एक निवडावी, पहिले दहा रोल एकाच डेव्हलपरमध्ये धुवावेत, नोंदी ठेवाव्यात आणि त्यानंतरच बाजारभावाची चौकशी करावी. कारण न वापरलेला रोल कितीही स्वस्तात मिळालेला असो, त्याच्या चौकटीमागचा दर काढताना शून्याने भागावे लागते.