देशप्रेम बारा टक्क्यांपुढे

अर्थचक्र रुतलं की धक्का मारायला सरकारला हमखास नोकरदार आठवतो. बिचारा पळून जाणार कुठे? १२ ऑक्टोबर २०२० ला, टाळेबंदीने बाजार कोरडाठाक पडलेला असताना, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी केंद्रीय कर्मचाऱ्यांना खूशखबर दिली. प्रवास बंद आहे ना? मग एलटीसीचं, म्हणजे रजा प्रवास सवलतीचं, भाडं रोख घ्या आणि खर्च करा. फक्त भाड्याच्या तिप्पट करा, ३१ मार्चच्या आत करा, डिजिटल करा आणि ज्यावर किमान १२ टक्के जीएसटी आहे त्याच्यावरच करा.

रेल्वे प्रवासाचा हक्क असलेल्यांना माणशी सहा हजार. म्हणजे चौघांच्या घराला चोवीस हजार मिळवायचे तर बहात्तर हजार उडवायचे. मधले अठ्ठेचाळीस हजार आणायचे कुठून, असले क्षुल्लक प्रश्न परिपत्रकात नसतात.

आमचे मेहुणे पोस्टात. देशाची हाक आली म्हणताच यादी घेऊन तुळशीबागेत निघाले. पणत्या? शून्य टक्के, बाद. काचेच्या बांगड्या, कुंकू? शून्य, बाद. गांधी टोपीही शून्य! हजाराच्या आतला सदरा पाच टक्क्यांवर अडला. कुंभार, कासार, विणकर ही मंडळी बहुधा परदेशी असावीत. तेव्हाच्या २८ टक्केवाल्या एसीला मात्र पायघड्या. त्याचा कॉम्प्रेसर कुठल्या देशाचा, हे पक्क्या बिलावर छापत नाहीत. घोषणेनंतर तीनच दिवसांनी गॅस भरलेल्या एसीच्या आयातीवर बंदी आली. रिकामा आणा, इथे भरा. चला, निदान हवा तरी स्वदेशी झाली.

जोडीला सणासाठी दहा हजारांची बिनव्याजी उचल, तीही रूपे कार्डावर. दहा हप्त्यांत पगारातून वळती. वीटभट्टीवरचा मुकादमही उचल देतो, पण त्याला अर्थव्यवस्थेला चालना वगैरे म्हणायचं सुचत नाही.

मेहुण्यांनी अखेर एसी घेतला, दिवाळीच्या थंडीत. वर मिक्सर, मोबाइल. तरी आकडा थोडा कमीच पडला, तेव्हा त्यांची नजर फराळाकडे वळली. सुटा चिवडा तेव्हा पाच टक्के होता, नोंदणीकृत ब्रँडच्या पाकिटातला बारा. पोहे तेच, शेंगदाणे तेच, पण राष्ट्रकार्याला पाकीटच लागतं. आमच्या वाड्यातल्या काकू गेली कैक वर्षं घरच्या कढईतला चिवडा विकतात. मेहुणे जिना चढून त्यांच्याकडेही गेले.

"काकू, तुमच्या चिवड्यावर टॅक्स किती?"

"अगोबाई, अजून तरी कुणी लावला नाही हो!" काकू हरखून म्हणाल्या.

"मग नाही चालायचा," म्हणत मेहुणे उतरले.