बेबीआत्या

बेबीआत्या हे कुणा एका बाईचं नाव नव्हे, ते पद आहे. मुलुंडला नीलम नगरात, घाटकोपरला पंतनगरात, बोरिवलीला बाभईत, अंधेरीला डी. एन. नगरात, जिथे म्हणून एखादी जुनी सोसायटी बिल्डरची वाट बघत उभी आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावर एक बेबीआत्या राहतेच. वय सत्तरीच्या आसपास. महापालिकेच्या शाळेत बाई होती, आता निवृत्त. गुडघे गेलेले, आवाज शाबूत. भावंडांत शेंडेफळ म्हणून घरात ‘बेबी’ झाली आणि या पदावर बढतीची सोय नसल्यामुळे नातवंडं कॉलेजात गेली तरी बेबीच राहिली.

तशी तिला स्वतःला नावं कमी नाहीत. पत्रिकेत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं तिसरं. पुढे लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जायची वेळ आली तेव्हा या तिन्ही बायका एकच आहेत, असं प्रतिज्ञापत्र तिला करून द्यावं लागलं. त्यात ‘बेबी’चा उल्लेखही नव्हता. ज्या हाकेला ती खरोखर ओ देते, तेवढी सोडून बाकी सगळी नावं सरकारदरबारी शाबीत झाली.

पण तिची खरी कामगिरी आहे ती बारशांची. पूर्वी एका बाळामागे तीन-तीन आत्या असत आणि कानात ‘कुर्रर्र’ कुणी करायचं यावरून रुसवेफुगवे होत. आता वन बीएचकेत मूल एकच मावतं. त्या एकुलत्या एकाला मूल झालं की त्याला आत्या आणायची कुठून? कुणाची असलीच तर ती न्यू जर्सीत, आणि आपल्याकडे पाळणा हलतो तेव्हा तिच्याकडे रात्रीचे अडीच. मग बदली आत्या म्हणून बेबीआत्याला बोलावणं जातं. शिवाय पाळण्याच्या वर-खाली फिरवायचा वरवंटा सोसायटीत आता तिच्याच घरी उरला आहे. मिक्सरचं भांडं फिरवून गोविंद-गोपाळ करता येत नाही, हे नव्या आयांनाही पटतं.

नावांची यादी घेऊन जोडपं तिच्याकडे येतं ते सातव्या महिन्यात. यादी एक्सेलमध्ये असते. नाव, अर्थ, अंकशास्त्राची बेरीज आणि शेवटी दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे शेरे. बेबीआत्या चष्मा चढवते आणि एकेका ओळीवरून बोट फिरवते.

“विवान, प्रकाशाचा किरण. रेयांश, प्रकाशाचा किरण. हा खालचा, तोही प्रकाशाचा किरण. अगं, वीज मंडळात भरती निघालीय का?”

“आत्या, रेयांश आम्हाला दोघांनाही आवडलंय.”

“चांगलंय. अर्धं ऑक्सफर्डचं, अर्धं आळंदीचं.”

“नाव ग्लोबल हवं ना, आत्या,” बाप म्हणतो. “उद्या तिकडे गेला तर तिकडच्या लोकांना म्हणता यायला हवं.”

“तिकडचं तिकडे बघू. आधी खालचा वॉचमन काय म्हणतो ते ऐक.”

असं म्हणून ती इंटरकॉम उचलते आणि वॉचमनला नाव सांगून परत म्हणायला लावते. पलीकडून ‘रियास बाबा’ असं उत्तर येतं. बापाचा चेहरा पडतो.

ही झाली पहिली परीक्षा. दुसरी गॅलरीची. संध्याकाळी सात वाजता खाली क्रिकेट चालू असताना वरून मारलेली हाक पोराला ऐकू गेली पाहिजे. गुडघ्यावर हात ठेवत ती उठते आणि जन्माला न आलेल्या मुलाला जेवायला बोलावते. तिचं म्हणणं असं, की ‘अमोऽऽल’ म्हटलं की हाक स्टेशनापर्यंत जायची. शेवटी जोडाक्षर आलं की ती पहिल्या मजल्याच्या ग्रिलमध्येच अडकते.

तिसरी परीक्षा हजेरीची. इतकी वर्षं वर्गात पट घेतल्यामुळे कुठल्या नावाचं पीक कधी आलं हे तिला तोंडपाठ आहे. आधी सुनील आणि अनिल, मग राहुल आणि अमोल, मग निखिल आणि स्वप्नील. प्रत्येक आईबापाला वाटायचं, आपण शोधलेलं नाव जगावेगळं आहे. जूनमध्ये वर्ग भरला की त्याच नावाचे तिघं एका बाकावर. मग एक उंच, एक बुटका आणि एक चष्मेवाला अशी त्यांची नवी बारशी वर्गच करायचा.

चौथी परीक्षा सगळ्यांत अवघड. मित्र या नावाचं काय करतील? मराठी मुलाचं नाव घराचा उंबरठा ओलांडून मैदानात गेलं की त्याला ‘या’ चिकटतो, आणि त्यातून कुणाची सुटका नाही. प्रकाशचा पक्या, मनोजचा मन्या, मंदारचा मंद्या. इथे बेबीआत्या थेट दाखले देते. रमेश तेंडुलकरांनी मुलाचं नाव सचिन देव बर्मनवरून किती हौसेनं सचिन ठेवलं! २०१४ मध्ये त्याला भारतरत्न मिळालं, पण महाराष्ट्र काही ‘तेंडल्या’ म्हणायचा थांबला नाही. लक्ष्मीकांत बेर्डेंना अख्ख्या राज्यानं ‘लक्ष्या’ केलं. टिळकांचं मूळ नाव केशव, पण घरच्यांनी ‘बाळ’ म्हटलं आणि तेच इतिहासात गेलं. सुनील गावस्करांनी तर मुलाला ‘रोहन जयविश्व’ असं भरगच्च नाव दिलं. रोहन कन्हायचा, जय जयसिंहांचा, विश्व विश्वनाथचा. “एका पाळण्यात तीन बॅट्समन झोपवले,” ती म्हणते, “आणि स्कोअरबोर्डवर लागला एकटा रोहन.”

मुलीकडच्यांनी नाटकातलं नाव सुचवलं आणि कुणी नाक मुरडलं, तर तिच्याकडे लताबाई तयार असतात. मंगेशकरांची थोरली मुलगी १९२९ साली जन्मली तेव्हा ती हेमा होती. ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून ती लता झाली. “हेमाचं काही बिघडलं नाही, आणि आपलं किती भलं झालं!” यावर कुणाला काही बोलता येत नाही.

मग गुरुजींचं अक्षर येतं. एका सुनेचं बाळ हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणात जन्मलं. त्या चरणाचं अक्षर निघालं ‘ण’. घरात सुतक असल्यासारखी शांतता. बेबीआत्यानं निकाल दिला, “पहिल्या चरणाचं ‘पू’ आहे ना? पूर्वा ठेवा. ‘ण’ व्याकरणाला राहू दे.” तिच्या मते या बाबतीत महापालिका शहाणी. अंधेरीला ‘के’, घाटकोपरला ‘एन’, मुलुंडला ‘टी’ असं वॉर्डांना एकेक अक्षर देऊन ती मोकळी झाली. पुढचं नाव शोधायच्या भानगडीतच पडली नाही.

समोरच्या गुजराती बिऱ्हाडाशी तिचं याच विषयावर जमतं. त्यांच्यातही नाव ठेवायचा मान फोईचा, म्हणजे आत्याचाच. दोघी जिन्यात उभ्या राहून आजकालच्या आईबापांवर ताशेरे ओढतात, आणि मधूनच एकीचा ‘लालो’ आणि दुसरीचा ‘बंड्या’ त्यांच्या मधून धावत जातात. लालो आणि बंड्याची दाखल्यावरची नावं दोघींनाही पटकन आठवत नाहीत.

दाखल्याच्या बाबतीत मात्र ती कडक. १९६९च्या नोंदणी कायद्याखाली नावाशिवायही जन्म नोंदवता येतो. वर्षाच्या आत नाव घातलं तर फुकट, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टापर्यंत जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, हे ती बजावून सांगते. अंकशास्त्राच्या नादानं बापानं स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ वाढवला, तर ती विचारते, “पोरानं जन्मभर फोनवर ‘डबल ए, डबल ए’ करत बसायचं का?” १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लिहायचं, हा सरकारी निर्णय तिला एकदम पसंत. “नऊ महिने हिचे, आणि पाटीवर नुसता बाप? बरं झालं.”

बारशाला ती जरीची साडी नेसून येते. यादीतलंच नाव, आईबापांनी ठरवलेलं, अक्षराचाही फरक न करता बाळाच्या कानात सांगते. पाठीत धपाटे खाते, घुगऱ्या घेते आणि पाणीपुरीच्या काउंटरकडे तुच्छतेनं बघत दोन प्लेट संपवते. बारशाच्या नावावर तिचा अधिकार चालत नाही, हे तिला माहीत आहे. तिचा अंमल सुरू होतो तेराव्या दिवशी.

त्या दिवशी पाहुणे गेलेले असतात. ती बाळाला मांडीवर घेते, त्याचे गाल बघते, मुठी बघते, आणि सहज म्हणते, “काय रे ढब्बू!”

आईचा चेहरा बदलतो. “आत्या, आम्ही पेटनेम ठेवणार नाही. रेयांशच म्हणणार. सगळ्यांना तसं सांगितलंय.”

“म्हणा की.”

पंधरा दिवसांनी बाप कुणी ऐकत नाही असं बघून ‘ढब्बू’ म्हणतो. महिन्याभरात कामवाली म्हणते. डॉक्टरांकडे फाइल रेयांशची, पण आई सांगते, “ढब्बूला काल रात्रीपासून सर्दी आहे.” शेवटी हार मानून ती एकदा बेबीआत्याला विचारते, “हे किती वर्षं चालणार?”

“लग्नापर्यंत तर नक्की,” बेबीआत्या म्हणते. “पत्रिकेवर चिरंजीव रेयांश छाप, पण कंसात ढब्बू घालायला विसरू नको. नाहीतर आपले चिपळूणचे लोक म्हणतील, हे कुणाचं लग्न? आणि आहेर राहील.”